लोरेटा बोनाफेदेचा उजवा डोळा

लोरेटाला एका जागी बसवत नसे. मुलाखतीला आली तेव्हा पाच मिनिटांतच खुर्चीवरून उठली आणि उभ्यानेच उत्तरं द्यायला लागली. आमचे प्रमुख हॅलोरन म्हणाले, "बसा ना." तर म्हणाली, "बसले की माझं डोकं बंद पडतं. तुम्ही बसा, माझी काही हरकत नाही."

हे दोन हजार दोन सालचं. आमच्या रॉचेस्टरमध्ये फिल्मच्या कारखान्यातून माणसं कमी होत होती आणि त्या वर्षी तिची पाळी आली. वय एक्कावन्न. कारखान्यात तेवीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक मिट्ट काळोखात. कच्च्या फिल्मला उजेड चालत नाही, त्यामुळे कापणं, गुंडाळणं, डब्यात भरणं, सगळं चाचपून. काळोख्या बोळात समोरच्यावर आदळू नये म्हणून तिथली माणसं चालताना तोंडाने आवाज करत. ती सवय तिने आमच्याकडेही आणली. आमच्या खोलीचा काळा पडदा सारायच्या आधी "येतेय!" अशी हाळी द्यायची. पहिल्या दिवशी बेगोच्या हातातली कॉफी सांडली. बेगो म्हणजे स्पेनहून आलेली आमची संशोधक, मुळातच घाबरट.

आम्ही जिवंत माणसाच्या डोळ्याच्या मागच्या पडद्याचे फोटो काढायचो. साधे फोटो डोळ्यांचे डॉक्टरही काढतात. आम्हाला हव्या होत्या त्या पडद्यावरच्या एकेक पेशी. अडचण अशी की प्रत्येकाच्या डोळ्याची काच थोडी वाकडीच असते, आणि तिच्यातून बाहेर येणारा उजेड विस्कटतो. तारे बघणाऱ्यांनी हवेच्या थरथरीवर जो तोडगा काढला, तोच आम्ही वापरत होतो. एक छोटा आरसा, त्याच्या पाठीला सदतीस दट्टे. उजेड किती विस्कटलाय ते यंत्र मोजतं आणि आरसा तेवढाच उलटा वाकतो, सेकंदात कितीतरी वेळा. आरसा आणि त्याचा संगणक माझ्याकडे होता. माणसं लोरेटाकडे.

फोटो द्यायला विद्यार्थी यायचे, कुणाची मावशी यायची, निवृत्त टपालवाले यायचे. लोरेटा त्यांच्या डोळ्यात थेंब घालायची, कागदावर सही घ्यायची आणि गरम पाण्यात मेण मऊ करून त्यांच्या दातांचा ठसा घ्यायची. तो ठसा लोखंडी दांडीवर बसवला की माणसाने दातांनी धरून ठेवायचा, म्हणजे डोकं हलत नाही. तरी डोळा हलतोच. समोरच्या हिरव्या फुलीकडे टक लावून बघा, डोळ्याला वाटतं आपण स्थिर आहोत; संगणकाच्या पडद्यावर बघावं तर तो पाण्यातल्या मासोळीसारखा तुरुतुरु पळत असतो.

"ए पोरा, दात आवळ," लोरेटा म्हणायची. "माझ्या नवऱ्याने लग्नाची शपथ इतकी घट्ट धरली असती तर आज मी फ्लोरिडात असते."

माणसं हसायची आणि मग हलायची. बेगो चिडायची. "लोरेटा, त्यांना हसवू नका हो!"

"हसल्याशिवाय बसतील कशी? तुझं तोंड बघून?"

आम्ही सगळेच कधी ना कधी त्या खुर्चीत बसलो होतो. हॅलोरनही. लोरेटा मात्र बसत नव्हती. कधी दात दुखत असायचे, कधी थेंबांनी डोकं धरेल म्हणायची. दीड वर्ष गेलं. मी तिला एकदोनदा पकडलं होतं, ती माझ्या मागे उभी राहून दुसऱ्यांचे फोटो बघायची. पेशी अशा दाटीने बसलेल्या दिसतात, मधाच्या पोळ्यासारख्या.

"सगळ्यांचं असंच असतं?" तिने विचारलं.

"निरोगी असेल तर."

"हं," म्हणाली आणि मेणाचा डबा आवरायला गेली. तो डबा तिने त्या सकाळीच आवरला होता.

मग एका जानेवारीत तिची गाडी बर्फात अडकली आणि मी तिला घरी सोडलं. दार तिच्या भावाने उघडलं. ऑगी, सत्तेचाळीस वर्षांचा, दांडगा गडी. पूर्वी महापालिकेचा बर्फ उपसायचा ट्रक चालवायचा. त्याने मान इकडून तिकडे फिरवून मला शोधलं, बॅटरीचा झोत फिरवावा तशी, आणि सापडल्यावर म्हणाला, "हां, आलीस नजरेत. कॉफी?" कपाच्या काठावर बोट ठेवून त्याने कॉफी ओतली. बोटाला चटका बसला की थांबला.

"याला नळीतून बघितल्यासारखं दिसतं," लोरेटा सिंकपाशी उभी राहून म्हणाली. "मधलं तेवढं. आधी रात्रीचं गेलं, मग बाजूचं."

"मधलं बरं आहे," ऑगी म्हणाला. "बातम्या दिसतात. ढेरी दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी गाडीत मी तिला खोदून विचारलं. तिचा नुन्झियोमामा चाळिशीत आंधळा झाला होता. घरात सांगत, लहानपणी गोवर डोळ्यात गेला. ऑगीचं सुरू झालं तेव्हा घरात ठरलं की बर्फाच्या चमकीने डोळे गेले. लोरेटाने एकदा ऑगीला एका मोठ्या डॉक्टरकडे नेलं होतं, तिथे खरं कळलं. हा आजार आईकडून येतो आणि पुरुषांना आंधळं करतो. बायकांना सहसा फार काही होत नाही, त्या फक्त पुढे देतात. प्रत्येक मुलाच्या वाट्याला छापा-काटा. त्या दोघांखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हतं. मुलीलाही नाही.

"हॅलोरनना सांग ना," मी म्हटलं. "ते ऑगीला डोक्यावर घेऊन नाचतील."

"म्हणूनच नाही सांगणार. माझा भाऊ काय बाटलीतला बेडूक आहे?"

"आणि तू? तू तपासून घेतलंस?"

"मी अजून सुईत दोरा ओवते. दिसतंय ते दिसतंय का, हे बघायला डॉक्टर कशाला?" हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार, असा तिचा हिशेब. उतरल्यावर तिने खिडकीतून वाकून बजावलं, "आणि बेगोला सांगितलंस तर तुझ्या आरशावर मेण ओतीन."

मार्चमध्ये तिची मुलगी रेनी बफेलोहून फोनवर म्हणाली, पोटात मुलगा आहे. पाचवा महिना होता. लोरेटाने आम्हाला सांगितलं, बेगोने तिला मिठी मारली, आणि त्या दिवसापासून तिच्या पायाला जी भिंगरी लागली ती थांबेना. जेवणाचा डबा तसाच घरी न्यायची. एका माणसाच्या एकाच डोळ्यात दोनदा थेंब घातले. जिन्याने वर जायची, खाली यायची, हातात काही नसायचं. विचारलं की म्हणायची, "व्यायाम."

एका गुरुवारी दुपारी यायचा होता तो विद्यार्थी आला नाही. बेगो यंत्र बंद करणार इतक्यात दाराचा काळा पडदा सरला. या वेळी "येतेय" नव्हतं.

"मला बसवा," लोरेटा म्हणाली. "आत्ता. नंतर मी बसणार नाही."

तिने थेंब स्वतःच घातले होते, ठसाही स्वतःच घेतला होता. सहीचा कागद बेगोच्या हातात दिला. बेगो आनंदाने टाळ्याच वाजवायची बाकी होती. मला कारण ठाऊक होतं, पण मी काय बोलणार?

आणि तिला बसता येईना. दात आवळलेले, पण टाच जमिनीवर टकटक, त्याने मेज हलायचं, मेज हललं की संगणकावरचे, उजेड मोजायचे ठिपके उड्या मारायचे आणि आरसा बिचारा त्यांच्या मागे धावून थकायचा. वीस मिनिटं गेली. लोरेटाने दांडी सोडली, जबडा चोळला, पुन्हा धरली. पुन्हा टकटक. तिसऱ्या वेळी ती उठून दारापर्यंत गेली आणि परत आली.

"बेगो," मी म्हटलं, "सगळे दिवे घालव. संगणकांवरही कापड टाक. एक फटसुद्धा नको."

बेगोने घालवले. काळोख झाला तसा लोरेटाचा श्वास ऐकू यायला लागला, आधी भरभर, मग लांब. टकटक थांबली. मी आणि बेगो कापडाखाली डोकं घालून बघत होतो. ठिपके रांगेत आले, आरशाने पकड घेतली, आणि तिचा उजवा डोळा उघडत गेला, धुकं विरल्यासारखा.

पेशी होत्या. दाट, गोल, चमकत्या. आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा. काळी. मग पुन्हा पेशी, पुन्हा मोकळी जागा. कसर लागलेल्या लोकरी कापडासारखं.

"पापणी आड आली असेल," बेगो पुटपुटली. तिने फुली हलवली, पुन्हा फोटो घेतला. मग आणखी एकदा. डाग जागचे हलले नाहीत. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी नको तिथे पाहिलं, म्हणजे जमिनीकडे.

दिवे लागले. लोरेटाने तोंडातून दांडी काढली. "काय दिसलं?"

"अजून... अजून संगणकावर साफ करायचंय," बेगो म्हणाली. "उद्यापर्यंत..."

"दीड वर्ष मी लोकांना या खुर्चीतून उठवतेय. चांगला फोटो आला की तू शिट्टी वाजवतेस. आज नाही वाजवलीस."

बेगोचे डोळे भरून आले. सहीच्या कागदावर ठळक अक्षरांत होतं: ही तपासणी नव्हे, येथे निदान सांगितले जात नाही. लोरेटाने तो शेकडो लोकांना वाचून दाखवला होता. मलाही तो पाठ होता. तरी मी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. योग्य केलं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

ती बराच वेळ बघत राहिली, उभीच. मग तिने एका काळ्या जागेवर बोट ठेवलं. "इथे काही नाही."

"नाही."

"पण मला तर सगळं दिसतंय."

"बाजूच्या पेशी भरून काढत असतील. लोरेटा, आम्ही डॉक्टर नाही..."

"माहितेय. मीच वाचून दाखवते ते." तिने कोट घेतला आणि गेली.

हॅलोरन माझ्यावर इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "तू कोण लागून गेलीस तिला दाखवणारी?" म्हणाले. "उद्या ते भलतंच काही निघालं तर?" मग खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि समोरच्या इमारतीतल्या रेटिनाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. नवव्या दिवसाची वेळ मिळाली.

ते नऊ दिवस. लोरेटाने स्वयंपाकघर रंगवलं, रंग आवडला नाही म्हणून पुन्हा रंगवलं. बसने तळ्यापर्यंत जायची आणि न उतरता परत यायची. कामावर आली की एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायची, न दिसणाऱ्या डागांचा शोध घेत. मलाही चैन पडेना. माझेच फोटो काढून मी पुन्हा पुन्हा बघत होते.

तिने आधी ऑगीला सांगितलं. मला बरोबर यायला लावलं, "नाहीतर मी हवापाण्याच्या गप्पा मारून उठेन," म्हणाली.

ऑगीने ऐकून घेतलं. "म्हणजे तू पण आमच्या कंपूत? नुन्झियोमामाला आनंद झाला असता. बाई हवीच होती एखादी."

"ऑगी, थट्टा नको."

"मग काय करू? रडू? बरं, ते यंत्र म्हणजे एकेक पेशी दाखवतं?"

"हो."

"माझ्यात किती उरल्यात, ते दाखवेल?"

मी म्हटलं, "मधल्या भागातल्या दाखवेल."

ऑगीची थट्टा संपली. "दीड वर्ष तू त्या यंत्रापाशी काम करतेस. रोज घरी येऊन मला मेणाच्या, दातांच्या गमती सांगतेस. आणि हे नाही सांगितलंस?"

"तुला त्यांनी टोचलं, तपासलं, काही उपाय नाही म्हणाले. पुन्हा तेच कशाला? मी तुला जपत होते रे!"

"तू स्वतःला जपत होतीस, लोरी." तो शांतपणे म्हणाला, ते जास्त लागलं. "रोज सकाळी उठलो की मला वाटतं, आज गेलं का मधलं? आठ वर्षं. कुणी नुसतं मोजून सांगितलं असतं तरी चाललं असतं. डोळे माझे आहेत ना?"

लोरेटा खाली बसली. तिला दुसऱ्याने न सांगता बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं ते आम्हाला ठाऊकच होतं. ती आजार पुढे देणारी आहे. तिची स्वतःची नजर बहुधा शेवटपर्यंत पुरेल. रक्त पुढच्या चाचणीला गेलं. बाई म्हणाल्या, मुलीला कळायला हवं. लोरेटा त्याच संध्याकाळी बफेलोला गेली, मी गाडी चालवली. रेनी शाळेत शिकवायची. वह्या तपासत बसली होती. लोरेटाने दारातच, कोट न काढता सांगून टाकलं.

रेनीने पेन खाली ठेवलं. "ऑगीमामाचे डोळे बर्फाने गेले ना?"

"नाही."

"नुन्झियोआजोबांचा गोवर?"

"नाही, बाळा."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"पंधरा वर्षं."

"माझं लग्न झालं तेव्हा माहीत होतं. आम्ही मूल ठरवलं तेव्हा माहीत होतं." ती उठली, पोटावर हात ठेवून. "आई, तू आता जा."

परतीच्या वाटेवर टोलनाक्यापाशी लोरेटा म्हणाली, "गाडी थांबव." उतरली, बर्फासाठी टाकलेल्या मिठाने पांढऱ्या पडलेल्या रस्त्याच्या कडेने इकडून तिकडे चालत राहिली, आणि मग आत येऊन बसली.

रेनीचा फोन बंद झाला. ईस्टर गेला. रेनीच्या नवऱ्याकडून कळलं की तिची चाचणी झाली आणि ती पण पुढे देणारी निघाली. बाळाला पोटात असताना तपासायला तिने नकार दिला. जुलैत मुलगा झाला, थियो. लोरेटाला फोटो टपालाने आला, पाकिटात चिठ्ठी नव्हती.

त्या उन्हाळ्यात ऑगी आमच्या खुर्चीत बसला. लोरेटाने त्याच्या दातांचा ठसा घेतला आणि दांडीवर बसवला. "दात आवळ."

"सदतीस सालापासून आईची कडक बिस्किटं खाल्लेले दात आहेत हे, आमच्या खानदानाचे. तुझी दांडी तुटेल."

"तुझा जन्म छप्पन्नचा आहे, गाढवा. गप बस."

तो उत्तम बसला. ट्रक चालवणाऱ्याची सवय, म्हणाला. फोटो जोडता जोडता बेगोने शिट्टी वाजवली. पडद्याच्या मध्यभागी एक बेट उरलं होतं, काठ खाल्लेले, पण बेटाच्या आत पेशी दाट होत्या, विशीतल्या पोराला शोभतील अशा. हॅलोरननी ते त्याला नीट समजावलं. कुठलंही वचन दिलं नाही. दर सहा महिन्यांनी काठ मोजू, एवढंच म्हणाले.

ऑगीने विचारलं, "म्हणजे आज जे दिसतंय ते खरंच चांगलं दिसतंय? मी मनाचं समाधान करत नाहीये?"

"खरंच चांगलं दिसतंय."

ऑगीने हात पुढे करून त्यांचा हात शोधला आणि सोडेचना.

सप्टेंबरात एका रविवारी रेनी न कळवता लोरेटाच्या घरी आली. मी तिथे होते. ऑगीसाठी त्याच्या डोळ्याचे फोटो मोठे छापून आणले होते. तिने आईकडे पाहिलं नाही. सरळ ऑगीसमोर गेली, बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "मामा, कसं असतं ते? मला खोटं नको."

ऑगीने बाळाला चेहऱ्याजवळ, त्याच्या बेटात आणलं. "आता मला याचं नाक दिसतंय," म्हणाला. "आता डावा कान. आता उजवा. सगळं एकदम नाही दिसत, हप्त्याहप्त्याने दिसतं. तिशीत ट्रकखाली रस्त्याकडेच्या पत्रपेट्या यायला लागल्या तेव्हा भीती वाटली. मग गाडी सोडावी लागली, तेव्हा वर्षभर मी माणसात नव्हतो, विचार तुझ्या आईला, रोज मला अंघोळीला ढकलायची. मग सवय झाली. वाईट आहे, रेनी. पण मी आहे. माझी शिवीगाळ शाबूत आहे, चार मित्र आहेत, बोचीच्या गोळेफेकीत अजून नेम लागतो, कुणी तिकडून हाक मारली तर. कुणी आधी सांगितलं असतं तर मी दुसरं काम शिकलो असतो. एवढंच."

रेनी रडली. लोरेटा दारात उभी होती, हातात भांडं पुसायचं फडकं. रेनी तिच्याकडे न बघता म्हणाली, "आई, बाळाची बाटली गरम कर." लोरेटा इतक्या घाईने वळली की फडकं दारातच पडलं.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. रेनी वर्षानुवर्षं मधूनच टोचून बोलायची, आणि लोरेटा ऐकून घ्यायची. इतर कुणाचं तिने कधी ऐकून घेतलं नाही. थियो अंधारात कशाला अडखळला की ती मला फोन करायची. "मुलं अडखळतातच," मी म्हणायचे. "हो, हो," म्हणायची, आणि तासाभराने पुन्हा फोन. ऑगीचं बेट दर सहा महिन्यांनी थोडं आक्रसत गेलं, त्याला वाटलं होतं त्याहून हळू. नवं औषध तपासायला माणसं हवी होती तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी नाव दिलं. वयामुळे घेतलं नाही. चार दिवस तो कुणाशी बोलला नाही.

थियो सहा वर्षांचा झाला, शाळेच्या हॉकी संघात जायचा हट्ट धरून बसला, तेव्हा रेनीने त्याची चाचणी करवली. निकाल आला त्या दुपारी लोरेटाचा फोन आला. मागे पाण्याचा आवाज येत होता.

"नाही," ती म्हणाली. "त्याच्यात नाही."

"लोरेटा..."

"आता त्याच्या धाकट्या बहिणीचं राहिलं. रेनी म्हणते, ती मोठी झाली की तिचं ती ठरवेल. ठरवू दे. मी काही बोलणार नाही." ती थांबली. "म्हणजे बोलेन, पण एकदाच. बरं, ठेव फोन, ऑगी जिन्यात उभा राहून बोंबलतोय, त्याला पण सांगायचंय."